सख्ख्या मामाची मुलगी

खोटं बोलायला मला एकच शब्द लागला. डॉक्टरांनी विचारलं, "पति-पत्नी आपस में रिश्तेदार तो नहीं?" मी म्हणालो, "नहीं."

शेजारी भैय्यालाल बसला होता. पुरानी बस्तीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. दवाखान्यात आम्हाला तोच आणायचा. कुसुम माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्या विदर्भात मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच धरतात, इथल्या हिंदी मुलखातल्या लोकांत मात्र ती बहीण. नवं राज्य झालं, हे शहर त्याची राजधानी झालं, मी इथल्या मंत्रालयात नोकरीला आलो, तेव्हापासून हे झाकून ठेवलेलं.

आमच्या आठ वर्षांच्या गंधालीच्या हाडांतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्त तयार होत नव्हतं. कोणाचा तरी जुळणारा मगज द्यायला हवा होता. तिच्या थोरल्या भावाचा, शिशिरचा जुळला नाही. आईबापांचा सहसा अर्धाच जुळतो, बाहेर शोधू, असं डॉक्टर म्हणाले. शोधण्यात वर्ष गेलं. दर पंधरवड्याला परकं रक्त चढायचं, पोरीचे हात सुयांनी निळे पडले. मी माझी अब्रू सांभाळत बसलो होतो.

एके दिवशी डॉक्टरांनी तिचे आखूड अंगठे निरखले. "बीमारी खानदानी लगती है. फिर पूछता हूँ, रिश्ते में शादी है?"

मी पुन्हा तेच म्हणणार, तोच कुसुम माझ्यावर उखडली. "काहून खोटं बोलून राहिले तुम्ही? पोट्टी मरून राहिली आपली." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "मैं इनके सगे मामा की लड़की हूँ."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नात्यातल्या लग्नात आईबापांचाही पूर्ण जुळू शकतो, म्हणाले, आणि तिथंच आमचं रक्त घेतलं.

काही दिवसांनी तपासणीचा निकाल आला. माझा पूर्ण जुळला. वर्षभर ज्याला शोधत होतो, तो डॉक्टरांसमोरच्याच खुर्चीत बसला होता. इतकं परकं रक्त चढल्यावर आता मगज रुजेल की नाही, हे ते सांगू शकले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर जिन्यात मी कसाबसा म्हणालो, "भैय्यालालजी, आपसे छुपाया."

"हव, मालूम है," तो म्हणाला. "सास आती है तो आप मामी-मामी करते हो. पूरे पारा को मालूम है."

सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या डॉक्टरांना.