वाघाच्या शपथेचे बूट

आजारी पडणं हा माझा धंदा आहे. नागपुरात फिजिशियन असिस्टंट तयार करणारी एक संस्था आहे. डॉक्टरांच्या हाताखाली गावच्या दवाखान्यात पेशंट कसे तपासायचे ते तिथं शिकवतात. परीक्षेला त्यांना खोटे पेशंट लागतात, आणि खोटेपणात या चंपतरावाची बरोबरी करणारा आमच्या अख्ख्या जरीपटका वस्तीत अजून जन्मायचा आहे. माझं कण्हणं ऐकून एकदा एका पोरानं खरीखुरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली होती. ड्रायव्हर रिकामा परत जायला तयार होईना, म्हणून मी कामठीपर्यंत फिरून आलो.

कुठला आजार दाखवायचा त्याची चिठ्ठी मिळते; त्या मे महिन्यात माझ्या चिठ्ठीवर पोटदुखी होती. आठ मिनिटं, बारा प्रश्न, मग घंटा. परीक्षक चारुशीला मॅडम कोपऱ्यात बसून गुण मांडायच्या.

सातवी आली कळमेश्वरची सोनिका. ही परीक्षा पास झाली की कन्हानच्या दवाखान्यात तिची जागा पक्की होती. तिथं डॉक्टर एक आणि रांग फाटकापर्यंत.

"कुठं दुखते, आबाजी?"

"पोटात इंजिन शिरलं वं," मी कण्हलो. "शंटिंग करून राहिलं."

ती हसली नाही. तिनं दाराकडे पाहिलं. तिथं सगळ्यांच्या चपला काढून ठेवलेल्या, मॅडमच्यासुद्धा. मी तेवढा कॅनव्हासचे बूट घालून आत बसलो होतो.

"एवढ्या उन्हाचे बूट काहून घातले? अन् आतमंदी बी?"

हा प्रश्न बारांत नव्हता.

"वाघानं शपथ घातली पोरी. म्हणे, चंपतराव, तुमच्या पायाचा वास आला का मले भूक लागते."

"वाघाले माझं नाव सांगा. काढा बूट."

"सोनिका, पोटाचं विचार," मॅडम म्हणाल्या. "चार मिनिटं गेली."

"पोट नाटकातलं आहे मॅडम. बूट खरे आहेत." मग माझ्याकडे वळून, "साखर आहे का, आबाजी?"

"चहात आहे."

"रक्तात?"

मी पाय मागं ओढले. साखर सहा वर्षांपासून होती, पण खरोखर आजारी माणसाला खोटा पेशंट म्हणून कोण ठेवणार? म्हणून घरी बायकोला, सुभद्रेलाही बोललो नव्हतो.

घंटा वाजली.

"वेळ संपली. बाहेर."

सोनिकानं माझ्यासमोर फरशीवर बसकण मारली. "नापास करा मॅडम. बूट उतरल्याशिवाय मी उठत नाही."

"कन्हानची जागा जाईल."

"तिथं जाऊन हेच करायचं आहे ना? मग आत्ताच करते."

तिनं नाडी सोडली. मोजा ओला होता, चिकटलेला. टाचेत जखम, आणि बुटाच्या तळातून वर आलेला एक खिळा थेट त्या जखमेत. किती दिवस मी त्यावर चालत होतो कोण जाणे.

"दुखते?"

"नाही," मी म्हणालो. एवढं खरं मी जन्मात बोललो नव्हतो. "साखरेनं पाय बधिर झाला तुमचा," ती म्हणाली.

मॅडमनी लगेच सर्जनला फोन लावला. पण कागदावर 'नापास' लिहिलंच. नियम म्हणजे नियम. मग त्यांनी आठव्याला हाक मारली.

मी जखमी पाय उचलून टेबलावर ठेवला. "आठव्याले घरी पाठवा."

"चंपतराव, चिठ्ठीप्रमाणे वागा."

मी चिठ्ठी टराटरा फाडली. "मी आता खरा पेशंट आहो, मॅडम. खरा पेशंट घंटा वाजली म्हणून उठत नसतो. अन् सर्जन येईपर्यंत मले हीच पोरगी पायजे."

त्या दिवशी परीक्षा तिथंच थांबली. सर्जन येईस्तोवर सोनिका माझा पाय धूत होती, आणि मॅडम मुकाट्यानं कापूस देत होत्या.

सहा महिन्यांनी ती पुन्हा परीक्षेला बसली. कन्हानच्या डॉक्टरांनी जागा रिकामी ठेवली होती. साखर कळूनही मॅडमनी मला कामावर ठेवलं होतं; या वेळी माझ्या चिठ्ठीवर डोकेदुखी होती आणि चपला मी दाराबाहेर काढल्या होत्या. तरी सोनिका बाईसाहेब आल्या त्या सरळ खाली वाकल्या. दोन्ही तळवे पाहून झाले तेव्हा कुठं डोक्याचं विचारलं. आठ मिनिटं उलटून बारा प्रश्न संपले तरी मॅडमच्या हातातली घंटा हातातच होती.

आता महिन्यातून एकदा मी कन्हानला तिच्या दवाखान्यात जातो. रांगेतल्या म्हाताऱ्यांना सांगतो, खिळा वीतभर होता, पलीकडून निघाला होता. केसपेपरवर सोनिकानं अर्धा इंच लिहिलंय. त्यावरून मी दर वेळी तिच्याशी भांडतो.

"पाय वर घ्या, आबाजी," ती म्हणते.