घासागणिक फुगणारी गाठ

बनाबाईनं पहिला घास तोंडात घातला आणि सासूच्या, तानाबाईच्या, हातातली पळी थबकली. पुन्हा तेच! सुनेच्या उजव्या जबड्याखाली गोळा वर येऊ लागला. आतून कुणी बोटानं कातडं ढकलावं, तसा. बघता बघता लिंबाएवढा झाला. बनाबाईनं ताट सरकवलं. जेवण थांबलं की गाठ हळूहळू ओसरायची. उपास केला तर फिरकायचीसुद्धा नाही.

हुपरीत चांदीचे पैंजण करणाऱ्या कृष्णातचं हे दुसरं लग्न. पहिली बायको हौसा तापानं गेली. शेवटी शेवटी तिच्या घशाखाली पेजही उतरत नव्हती. म्हणून शेजारच्या धोंडुबाईनं दबक्या आवाजात सांगितलं, "हौसा उपाशी गेली की. ती हिच्या तोंडानं जेवतीया," तेव्हा घरात कुणालाच ते खोटं वाटलं नाही.

त्या दिवसापासून हौसाचं पान आधी वाढलं जाऊ लागलं. भट्टीपाशी काम करताना कृष्णातला वाटायचं, मागं कुणीतरी सावकाश घास चावतंय. वळून बघावं तर बनाबाई भिंतीला टेकलेली, तोंड मिटलेलं. धास्तीनं ती जेवायचीच बंद झाली. वाळली. पुढं तापही येऊ लागला.

मग देवऋषी आला. त्यानं गाठ चाचपली आणि कृष्णातकडं बघितलं. "तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा. ज्यानं दोघींच्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं, त्यानंच."

कृष्णातनं चांदी वितळवायच्या भट्टीत सळई घातली. ती लालभडक झाली. बनाबाई समोर येऊन बसली, तिनं मान वर केली.

"द्या डाग," ती म्हणाली. "पर एक सांगा. मी अशी न जेवता मेले, तर तिसरीच्या गळ्यात कोण बसंल? मीच न्हवं?"

कृष्णातनं सळई बाजूच्या पाण्याच्या बादलीत टाकली. ती चरचरली. देवऋषी ओरडत राहिला, पण दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको कोल्हापूरच्या एस.टी.त बसले होते.

१९८७ साल होतं. सोनोग्राफी म्हटलं की लोकांना पोटातलं बाळच आठवायचं. दवाखान्यातल्या डॉक्टर नंदिनीबाईंनी मात्र हौसाची, डागाची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि यंत्र बनाबाईच्या जबड्याखाली टेकवलं. खोलीत अंधार केला, तिच्या जिभेवर लिंबाचा रस पिळला. गाठ वर येऊ लागली. आणि पडद्यावरच्या करड्या धुक्यात एक पांढरी ठिणगी चमकली. तिच्याखाली काळीकुट्ट सावली लांबत गेली होती.

कृष्णात दाराकडं सरकला. "बाई, सावली! तीच हाय ती!"

"सावली खरीच आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "पण खड्याची. लाळेच्या नळीत खडा अडकलाय. यंत्राच्या लहरी त्याच्या पार जात नाहीत, म्हणून मागं अंधार दिसतो. जेवताना लाळ सुटते, वाट बंद, म्हणून ग्रंथी फुगते. त्यात पू धरतोय, म्हणून ताप."

"मंजी वंगाळ गाठ न्हाय?" कृष्णातनं विचारलं.

"कॅन्सरची गाठ इथं वेगळी दिसली असती. नुसती सूज असती, तर हा खडा दिसला नसता. बाहेरून सगळ्या गाठी सारख्याच, कृष्णात. म्हणून आधी आत बघायचं, मग उपचार ठरवायचा. डाग दिला असतास, तर खडा जागच्या जागी राहिला असता आणि ही मात्र जळली असती."

"आमाला वाटलं, हौसा..."

"तिला काय झालं होतं?"

"ताप. अंगारा लावला हुता."

"तिला कुणी तपासलं होतं?"

कृष्णातनं मान हलवली. नाही. आणि त्या अंधारात तो एकाएकी हुंदके देऊ लागला. "बिचारीला औषध न्हाय मिळालं, न् वर मी तिलाच चोर केलं! न् या जितीला उपाशी ठिवलं!"

औषधानं ताप उतरला. मग जिभेखाली छोटीशी चीर देऊन खडा काढला. ज्वारीच्या दाण्याएवढा होता. बनाबाई पोटभर जेवली, त्या दिवशी तानाबाई तिच्या जबड्याकडं टक लावून बसली होती. काहीच वर आलं नाही. म्हातारीनं आणखी एक भाकरी वाढली आणि डोळ्यांना पदर लावला.

पुढं गावात कुणाला 'बाहेरचं' झालं असं ऐकलं, की कृष्णात त्या दारात जाऊन उभा राहायचा. लोक शिव्या द्यायचे. तो हटायचा नाही. "आधी डाक्टर. मी येतो संगं," एवढंच म्हणायचा.

वाचकहो, घरातलं माणूस आजारी पडलं, तर दोष मेलेल्यांच्या माथी मारू नका. त्यांना उत्तर देता येत नाही. जिवंत माणसाला मात्र वेळेत तपासून घ्या. तेवढं तरी आपल्या हातात आहे!