तांबडी रेघ उजवीकडे

मी एक जुना खडकाचा तुकडा आहे. हातभर लांब, मनगटाएवढा जाड. मित्रांनो, खडकाला कसलं मन, असं म्हणून पान उलटू नका.

माझं घर जमिनीखाली तीन किलोमीटरवर. तिथे मिट्ट काळोख, चुलीसारखी धग आणि चहूकडून भाऊबंदांचा रेटा. एके दिवशी गरगरणारा पोलादी पाइप आला आणि आम्हाला कापून वर घेऊन निघाला. वाटेत काडकन मोडलो. वरचा तुकडा तो थोरला भाऊ, खालचा मी.

वर आल्यावर अंग मोकळं झालं असेल, असं तुम्हाला वाटेल. छे हो! मला नुसतं ओकंबोकं वाटलं. रेटा सुटला तसा मी केसाहूनही कमी फुगलो. जिकडून जास्त रेटा होता, तिकडे जास्त. तिथे खडक तपासणाऱ्या चष्मेवाल्या बाई नेमकं तेच मोजत. मला जिच्यातून काढलं, त्या विहिरीत जोराने पाणी सोडलं की तो तापलेला खडक फाटणार होता, आणि भेग जास्त रेट्याच्या दिशेने धावणार होती. दुसरी विहीर त्याच वाटेवर हवी, तरच तापलेलं पाणी वर येऊन घरं उबदार होणार. विहीर एकच मिळणार होती. चुकली तर काम कायमचं बंद, असं साहेबांनी बजावलं होतं.

बाईंची रीत ठरलेली. शेजारच्या तुकड्याशी तोंड जुळवायचं, तुकडा उभा धरायचा, निळी रेघ डावीकडे, तांबडी उजवीकडे. मग वरखाली चुकायची भीती नाही. पण भावाला रेघा मारून आधीच पलीकडच्या खोलीत ताकद तपासायला नेलं होतं. बाईंनी घाईघाईत मला एकट्यालाच उभं केलं, तेही उलटं. मी बोंब तरी कशी मारणार? डोकं खाली गेलं, उजवं ते डावं झालं, ईशान्येची वायव्य झाली. दुसऱ्या विहिरीसाठी तिकडे खुंटीही ठोकली गेली.

चार दिवसांनी ताकद तपासायचं यंत्र बिघडलं, म्हणून भाऊ परत आला. तुकडे पेटीत लावणाऱ्या मिस्त्रीकाकांना जुळवल्याशिवाय तुकडा ठेवायची सवयच नव्हती. त्यांनी मला फिरवून पाहिलं, मग उलटं केलं.

"बाई, हा असा जुळतोय," ते म्हणाले. "तुमची तांबडी डावीकडे गेली."

बाईंनी स्वतः जुळवून पाहिलं. कण अन् कण बसला. काय सांगू मित्रांनो, किती दिवसांनी मला घरी आल्यासारखं वाटलं!

बाईंनी माझ्यावरच्या चुकीच्या रेघा पुसून नव्या मारल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे, काका. खुंटी काढा. साहेबांना मीच सांगते."

विहीर ईशान्येला खणली. वर्षभराने वाफाळतं पाणी वर आलं. लोकांनी बाईंचं तोंडभरून कौतुक केलं. माझी आठवण कोणाला असणार?

यंत्र मात्र आम्ही जुळलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झालं होतं. खडक किती दाबाने फुटतो हे कळायलाच हवं होतं, म्हणून भावाला त्यात घातलं. त्याचा चुरा झाला. बाईंनी त्यातून एक कपची शोधून आणली, माझ्याशी जुळणाऱ्या कडेची.

मित्रांनो, तुमच्या हातून काही मोडलं, तर तुकडे लगेच वेगवेगळे टाकू नका. आधी एकदा जुळवून पाहा. मी आता बाईंच्या टेबलावर उभा असतो, तांबडी रेघ उजवीकडे. रोज सकाळी त्या ती कपची माझ्या डोक्यावर नीट बसवतात. ती अगदी बरोबर बसते. मला फक्त अजून थोडा भार हवा असतो.