सोमवारची गाडी

बागेच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला तिकीटघर होतं आणि त्याच्या खिडकीवर पत्र्याची पाटी. पल्लवी तेव्हा पहिलीत होती, नुकतीच वाचू लागलेली. दिसेल ते मोठ्याने वाचायची. तिने अक्षरांकडे बोट करत वाचलं, "आगगाडी... दर... सोमवारी... बंद." मग माझ्याकडे वळली.

"आजोबा, म्हणजे आज बंद?"

"आज वार कोणता?"

"सोमवार."

"मग तूच सांग."

 नव्या फ्रॉकचा पट्टा ओढत ती पाटीखाली उभी राहिली. तिच्या मागे माझा मुलगा वाल्मीक, खांद्याला पाण्याची बाटली, हातात चिवड्याची पिशवी. बागेत आगगाडी सुरू झाल्याचं कळल्यापासून बापलेकींचं ठरलं होतं, पहिल्यांदा बसायचं ते दोघांनी मिळून, एकाच बाकावर.

"झालं!" सूनबाई, स्नेहल, हसून म्हणाली. "साऱ्या गावाला रविवारची सुट्टी, ह्यांना सोमवारची. आणि आता गाडीलाही सोमवारचीच. दोघं एकाच कारखान्यात आहेत जणू."

वाल्मीक नाशिकजवळ सातपूरच्या एका कारखान्यात भट्टीवर होता. विजेचा ताण वाटून जावा म्हणून तिकडच्या कारखान्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी असत. वाल्मीकच्या वाट्याला सोमवार आला होता. पाळीही त्याची कायम दुसरी. दुपारी डबा घेऊन सायकल काढायची, परत यायचा तेव्हा पल्लवी झोपलेली. सकाळी ती शाळेच्या गडबडीत, तर हा अजून पांघरुणात. एका घरात राहून दोघांची नीट भेट व्हायची ती सोमवारीच.

त्या दिवशी आम्ही परत फिरणार, तेवढ्यात रुळांच्या कडेला बसलेला माणूस उठला. हाताला काळं वंगण, खाकी शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या. तो हिरामण, गाडीचा ड्रायव्हर. पेठ तालुक्याकडचा.

"सोमवारी तेलपाणी असतं हो तिचं," तो म्हणाला. "इंजिन सोडवून ठेवलंय. पण पोरगी एवढी तयार होऊन आली, बसू द्या की डब्यात. उभ्या गाडीला तिकीट नाय लागत."

पल्लवी वडिलांचा हात धरून पहिल्या डब्यात चढली. डबा म्हणजे रंगवलेल्या पत्र्याची पेटी, समोरासमोर दोन लाकडी बाकं, वर कापडी छत. बसली, हात मांडीवर ठेवले, आणि वाट पाहू लागली. काही होईना.

माझी सगळी नोकरी निफाड तालुक्यात, पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली. मूल असं वाट बघत बसलं की मला राहवत नाही.

"तिकीट कुठलं काढलंस?" मी विचारलं.

ती विचारात पडली. "आजीच्या गावचं."

"म्हणजे निफाड. मग नाशिकरोडहून बसलीस. आता पहिलं स्टेशन ओढा. म्हण."

"ओढा."

"मग खेरवाडी. मग कसबे सुकेणे. आणि मग?"

"निफाड!"

वाल्मीक गंभीर चेहऱ्याने खाली उतरला. शेवटच्या डब्यामागे गेला आणि तोंडात दोन बोटं घालून त्याने शिट्टी वाजवली. तो गार्ड झाला होता. मी "ओढा" म्हटलं की तो चहावाला व्हायचा, "चाय गरम" ओरडत डब्याच्या बाजूने जायचा. खेरवाडीला भेळवाला. सुकेण्याला द्राक्षं विकणारी म्हातारी, डोक्यावर रुमालाचा पदर घेऊन. "घे गं माय, लय गोड हायेत!" पल्लवी हसून बाकावरून घसरली. निफाडला त्याने तिला कडेवर उचलून उतरवलं. "चला, आजीचं गाव आलं."

तेव्हापासून दर सोमवारी शाळा सुटली की आम्ही बागेत. हिरामण चाकांत तेल सोडत असायचा, पल्लवी निफाडला जात असायची.

रविवारी तिला मी एकटाच न्यायचो. रविवारची बाग वेगळी. हत्तीच्या सोंडेच्या घसरगुंडीवर पोरांची रांग, झोक्यांवर भांडणं, वेडेवाकडे दिसणाऱ्या आरशांसमोर बायकांचं खिदळणं. मी तिला सी-सॉवर जाड्या मुलाला कसं उचलायचं ते शिकवलं. तू टोकाला बस, त्याला पुढे सरकायला सांग. ती आणि तो मुलगा दोघंही चकित झाले. तळ्यातल्या बदकांवरून तिला दोनचा पाढा आला. सगळ्यात ती रमायची. फक्त गाडीची शिट्टी ऐकू आली की हातातलं सोडून कुंपणापाशी जायची. गाडी भरून यायची, पोरं हात हलवायची, हीही हलवायची.

"बसायचं का आज?" मी विचारायचो.

"पप्पांबरोबर," ती म्हणायची.

एकदा वाल्मीकला सव्वीस जानेवारीची सुट्टी मिळाली आणि तो वार सोमवार नव्हता. आम्ही धावत गेलो. अख्खं नाशिक तिथे आलं होतं. रांग कारंज्यापर्यंत. आमचा नंबर येता येता अंधार पडला आणि हिरामणने हात जोडले. "रुळावर दिसंना आता, बाई. पुढच्या टायमाला." घरी येताना वाल्मीक तिला खांद्यावर घेऊन चालला. ती त्याच्या केसांत बोटं घालून बसली होती.

अशी वर्षं गेली. पल्लवी चौथीत गेली. फ्रॉक आखूड झाले, बाकावर बसली की पाय जमिनीला टेकू लागले. तरी सोमवार चुकला नाही.

आणि एका पावसाळ्यात वाल्मीक दुपारी गेला तसाच तासाभरात परतला. सायकल भिंतीला लावली, डबा ओट्यावर ठेवला. भरलेला.

"काय झालं?" स्नेहलने विचारलं.

"गेटला कुलूप आहे. मालकाने कारखाना बंद केला."

त्यानंतर तो घरातच राहिला. आधी काही दिवस गेटवर बाकीच्यांबरोबर बसून आला, मग तेही सोडलं, आणि सोमवारी बागेत येणंही. चहा प्यायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. कोणी हाक मारली तर "डोकं दुखतंय" म्हणायचा. मी एकदा म्हटलं, "वाल्मीक, अंबडच्या कारखान्यांत चौकशी कर. तुझ्या हाताला काम आहे."

"दादा, तिथेही निम्म्या शेडना कुलपं आहेत," तो म्हणाला आणि कूस बदलली.

पल्लवीला मात्र प्रथम आनंदच झाला. शाळेतून आली की पप्पा घरी! तिने दप्तर टाकलं आणि विचारलं, "म्हणजे रविवारी पण घरी?"

"हो," स्नेहल म्हणाली. "रविवारी पण."

रविवारी पल्लवीने स्वतःच वेण्या घातल्या. वाल्मीक नको म्हणत होता. तिने त्याचा इस्त्रीचा शर्ट आणून उशाशी ठेवला, चपला दारात जोडून ठेवल्या. शेवटी तो उठला.

रांग होती, पण ऊन होतं तोवर आमचा नंबर लागला. हिरामणने ओळखलं. "आज रविवारी कशे काय?" त्याने हसत विचारलं. वाल्मीकने तिकिटं पुढे केली, आणि हिरामणने पुन्हा विचारलं नाही. आम्हाला पहिल्या डब्यात आधी चढवत म्हणाला, "बसा. तुमचा डबा."

बापलेक एका बाकावर, मी समोर. आमच्याजवळ एक कुटुंब दाटीवाटीने बसलं. खरी शिट्टी झाली. डबा एकदम हलला आणि पल्लवीने वडिलांचा दंड धरला. झाडं मागे जाऊ लागली, हत्तीची घसरगुंडी गेली, तळं गेलं. ती वाऱ्यावर तोंड धरून हसत होती.

"ओढा," ती हळूच म्हणाली आणि वडिलांकडे पाहिलं.

वाल्मीक बाहेर बघत होता.

गाडी बोगद्यात शिरली. पोरांनी आरडाओरडा केला. बाहेर आली. "खेरवाडी," ती म्हणाली. तोवर समोर तिकीटघर दिसू लागलं. गाडी थांबली. लोक उतरायला लागले, दुसरे चढायला लागले.

"संपली?" तिने विचारलं.

"एवढीच फेरी असते," मी म्हटलं.

आम्ही हिरवळीवर बसलो. स्नेहलने बांधून दिलेली पोळीभाजी काढली. पल्लवीने घास हातात धरून ठेवला होता.

"मजा आली ना?" वाल्मीकने विचारलं. बऱ्याच दिवसांत त्याने आपणहून विचारलेलं ते पहिलंच वाक्य.

"आली." तिने घास खाली ठेवला. "पप्पा, तुम्हाला परत सोमवारची सुट्टी कधी लागेल?"

 वाल्मीक बाटलीचं झाकण उघडून पाणी प्यायला, आणि पीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने हात-पाय धुतले आणि वडिलांसमोर उभी राहिली. "चला. आज सोमवार आहे."

"पल्लू, मला तर आता रोजच..."

"आज सोमवार आहे," ती म्हणाली.

बाग रिकामी होती. हिरामण इंजिनाखाली आडवा झालेला, नुसते पाय दिसत होते. "या," तो खालूनच म्हणाला. पल्लवी डब्यात चढली. मी समोर बसलो. वाल्मीक खाली उभा राहिला, खिशात हात घालून.  पल्लवी वाट बघत बसली, पहिल्या दिवशी बसली होती तशी, हात मांडीवर ठेवून. मी या वेळी मध्ये बोललो नाही.

मग मागून शिट्टी आली. जरा फुसकी, पण आली.

"ओढा," पल्लवी म्हणाली.

"चाय गरम."

"खेरवाडी."

भेळवाला आला. सुकेण्याला म्हातारी आली, तिच्या द्राक्षांना भाव नव्हता म्हणून कुरकुरत. निफाडला वाल्मीकने हात पुढे केला. आता कडेवर घेण्याजोगी राहिली नव्हती ती. त्याचा हात धरून उतरली आणि तिने तो सोडला नाही.

"उद्या सेकंड शिफ्ट ना, पप्पा?"

वाल्मीकने रुळाकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "उद्या सेकंड शिफ्ट."

मंगळवारी दुपारी त्याने दाढी केली आणि स्नेहलकडे डबा मागितला. कुठे जाणार ते तिने विचारलं नाही, मीही नाही. त्याने सायकलच्या चाकात हवा भरली आणि निघाला.

संध्याकाळी पल्लवी शाळेतून आली. दप्तर खाली ठेवायच्या आधी तिने भिंतीकडे पाहिलं. सायकल नव्हती. स्वयंपाकघरात जाऊन फळीवर पाहिलं. डबा नव्हता.

"गेले?" तिने विचारलं.

"गेले," मी म्हटलं.

ती दारात जाऊन बसली, तिन्हीसांज होईपर्यंत. रस्त्याने सायकली येत होत्या. एखादी आमच्या गल्लीकडे वळली की ती ताठ व्हायची, नीट बघायची, आणि ती सायकल वाल्मीकची नाही असं दिसलं की निर्धास्त होऊन पुन्हा भिंतीला टेकायची.

"आजोबा," ती म्हणाली, "सोमवार यायला अजून बरीच स्टेशनं आहेत ना?"

"आहेत," मी म्हटलं. "म्हण. मंगळवार."