खोट टर्बोत नव्हती

मित्रांनो, मी एक जुना टर्बो आहे. नारळाएवढा, काळाठिक्कर आणि आता कायमचा जाम. वडगाव निंबाळकरच्या दवाखान्यात केसपेपर उडू नयेत म्हणून मला खिडकीत ठेवलं आहे. ठेवा बापडे! पण 'याच्यातच खोट होती' असं कोणी म्हणालं, तर मी ऐकून घेणार नाही.

माझं काम आधी समजून घ्या. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर माझं एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चाक असतं. ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरतं, म्हणून छोट्या इंजिनालाही मोठी ताकद येते. मिनिटाला लाखभर फेरे मारायचो मी! दांड्याला आधार असतो ऑइलच्या पातळ थराचा, आणि इंजिन चालू असेपर्यंतच ते ऑइल माझ्यापर्यंत येतं. एवढं ध्यानात ठेवा.

करुणाताई इथल्या डॉक्टर. त्यांचा भाऊ बुद्धभूषण सिंगापूरला गोदीत इंजिनिअर होता. १९९४ साली परत येताना त्याने एक छोटी पेट्रोल गाडी आणली आणि बहिणीला दिली. तिच्या इंजिनावर मी होतो. कन्हेरी असो, भिगवण असो, बोलावणं आलं की आम्ही हजर. मागे पडलेल्या जीपगाड्या पाहून मला फार मजा वाटायची, खोटं कशाला बोलू?

गाडी चालवायचे कुंडलिकतात्या. त्याआधी ते वीस वर्षं ट्रॅक्टरवर होते. माणूस मायाळू. रोज बॉनेट पुसायचे, फिल्टर झटकायचे, ऑइल वेळेवर बदलायचे. सवय एकच वाईट. गाडी थांबली की घुर्रकन एक रेस मारायची आणि लगेच चावी फिरवून इंजिन बंद करायचं. "रेस मारून बंद केलं की सकाळी एका दमात चालू हुतं," असं ते अभिमानानं सांगायचे. ट्रॅक्टरला टर्बो नव्हता, म्हणून तिथं त्यांचं कधी अडलं नव्हतं. माझा मात्र जीव जायचा. मी भन्नाट वेगात असताना ऑइल बंद! आत राहिलेलं ऑइल माझ्या आचेनं जळून त्याचा कोळसा व्हायचा. दीड वर्ष मी हे सोसलं. मग एक दिवस भिगवणच्या रस्त्यावर निळा धूर सोडून अडकलो.

मेकॅनिक झुंबरने मला खोलून बाहेर काढलं. "ह्यो मालच नाजूक हाय. आपल्याकडं टिकायचा न्हाय," तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला इतका राग आला!

बुद्धभूषणने सिंगापूरहून दुसरा टर्बो मागवला. करुणाताईंनी बजावलं, "तात्या, हाही गेला तर गाडी विकून टाकते. तिकडं पेशंट वाट बघतोय आणि आपण रस्त्यात अडकलोय, हे मला चालायचं नाही." तात्यांचा चेहरा उतरला. ते आणखी काळजी घेऊ लागले. म्हणजे काय, तर रेस आणखी जोरात मारू लागले!

मी खिडकीतून रोज ऐकत होतो. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तो नवा टर्बो, मरणाच्या वाटेवर होता आणि मला ओरडता येत नव्हतं.

एका दुपारी तात्या बारामतीहून औषधं घेऊन आले. गाडी खिडकीखाली थांबली. घुर्रर्र, आणि बंद. केसपेपर घ्यायला ताईंनी नेमकं मला उचललं होतं. त्या थबकल्या.

"तात्या, इंजिन बंद केलं ना? मग आत काय फिरतंय?"

एक बारीक शीळ हळूहळू विरत गेली. ताईंनी माझं चाक बोटानं फिरवून पाहिलं. ते हललं नाही. त्यांनी आत बॅटरीचा उजेड टाकला. दांड्याभोवती जळकं ऑइल दगडासारखं बसलं होतं.

"इंजिन थांबलं की ऑइलही थांबतं, पण हे फिरतच राहतं, तात्या. कोरडं."

तात्यांनी मला हातात घेतलं. जाम झालेलं चाक अंगठ्यानं ढकलून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी ह्येला म्याच मारला व्हय?"

"मला तरी कुठं माहीत होतं?" ताई म्हणाल्या.

तेव्हापासून तात्या रेस मारत नाहीत. गाडी थांबली की इंजिन दोन मिनिटं तसंच हळू चालू ठेवून बसून राहतात. शेजारचा सोनबा हसतो, "काय तात्या, पेट्रोल फुकाट मिळतंय व्हय?"

"दम खाऊ दे त्येला," तात्या म्हणतात. "एकाचा जीव घेतलाय म्या."

धाकट्याला आता तीन वर्षं झाली. अजून शीळ घालतो आहे. बॉनेट पुसून झालं की तात्या त्याच फडक्यानं मलाही पुसतात.

मित्रांनो, तुमच्यासाठी जीव तोडून पळालेल्याला थांबल्यावर दोन मिनिटं दम घेऊ द्या. आणि मला नाजूक म्हणू नका. रोज कोरडा पडूनही दीड वर्ष फिरलो आहे मी!