एक लिटरचं माप

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, मी पाणी मोजून द्यायचे. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

जानेवारीत त्यांचे पाय सुजले, चार पावलांत धाप लागू लागली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय. दिवसाला एक लिटरच पाणी आणि सकाळी लघवी वाढवणारी गोळी. मी एका बाटलीवर लाल नेलपॉलिशची रेघ मारली. पंधरा दिवसांत सूज उतरली आणि मी ते आमच्या जाम गावात घरोघर सांगत फिरले. डॉक्टरांनी एप्रिलमध्ये पुन्हा बोलावलं होतं. पण सूज नाही तर कशाला जायचं, असं मीच म्हणाले.

शिवाय चौदा एप्रिलला त्यांची पाणपोई सुरू झाली. शाळेतली शिपायाची नोकरी संपल्यापासून दर वर्षी ते जामच्या चौकात, कडुनिंबाखाली सहा रांजण मांडायचे. लहानपणी त्यांना लोकांनी वरून, लांबून, ओंजळीत पाणी वाढलं होतं. म्हणून इथे येईल त्याच्या हातात भरलेला गिलास, आणि त्याच गिलासातून तेही पाणी प्यायचे.

दिवसभर पाण्याजवळ बसणारा माणूस, माझा विश्वास नव्हता. पाणपोईशेजारच्या पंक्चरवाल्या गजेंद्रला मी बजावून ठेवलं होतं, "मामाजीनं मांगतलं तरी पाणी देऊ नोको. त्याईच्या जिवासाठी सांगून राह्यली." माझ्या तोंडाला गाव घाबरतं. गजेंद्रही घाबरला.

मग मे अखेरचा नवतपा लागला, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. पारा सेहेचाळीसवर गेला, कूलरसुद्धा गरम वारा फेकू लागला. त्या सकाळी दोन घोट पाण्याबरोबर गोळी घेऊन मामाजी म्हणाले, "पौर्णिमा, तोंड कोरडं पडून राह्यलं. चक्करही येते. अजून अर्धा गिलास दे न."

मी बाटली समोर धरली. त्यातलं निम्मं, दुपारपर्यंतचं, मी छोट्या बाटलीत भरून त्यांच्या पिशवीत ठेवलं होतं. "सकाळीच संपवलं तर संध्याकाळी काय प्याल?"

"डॉक्टरले एक फोन लावून पाह्य. तवा थंडी होती."

"तुमच्या हार्टले काय उन्हाळा-हिवाळा समजते?" मी म्हणाले आणि माझ्याच बोलण्यावर हसले.

त्यांनी डोक्याला दुपट्टा बांधला, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवला आणि ते पाणपोईवर गेले.

दुपारी दोनला गजेंद्रचा फोन आला. मी पोचले तेव्हा मामाजी रांजणाच्या बुडाशी पडले होते. जीभ लाकडासारखी झालेली, घाम नाही. त्याच दुपारी त्यांनी एका बसमधल्या सगळ्या प्रवाशांना गिलास भरभरून दिले होते.

गजेंद्र रडत होता. "वहिनी, बस गेल्यावर त्याईले चकरीनं उठवत नव्हतं, दोनदा पाणी मांगतलं. मी नाई देल्लं. तुमीच सांगतलं होतं. मंग सोताच घ्याले उठले अन् पडले."

वर्ध्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेच डॉक्टर होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "अशा उन्हात घामानं पाणी जातं, वर गोळीनं जातं. अंगातलं पाणी आटलं की थकलेल्या हृदयाला ते झेपत नाही, ठोके बिघडतात. उन्हाळ्यात कितीकांची गोळी कमी करतो आम्ही, पाण्याचं मापही बदलतो. त्यासाठीच एप्रिलमध्ये बोलावलं होतं."

मी मान हलवत राहिले. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला पाणी नाकारलं नाही, त्याला गावभर पाणी बंद केलं होतं मी. परक्याने केलं असतं तर मी त्याचं घर डोक्यावर घेतलं असतं.

अंधार पडल्यावर घरी आले. ओट्यावर बाटली तशीच होती. तळाशी दीड गिलास पाणी उरलं होतं, संध्याकाळसाठी मी वाचवून ठेवलेलं.