तीन ठिकाणी सुरक्षित

नवरा व्यवस्थित असावा, एवढीच तिची लग्नाआधी अपेक्षा होती. देवानं छप्पर फाडून दिलं.

तो पंपांच्या कारखान्यात भांडारप्रमुख. तिथे चिठ्ठी लावल्याशिवाय साधा नटसुद्धा कप्प्यात जात नसे. घरीही तीच तऱ्हा. मिठाची बरणी काचेची, मीठ ढळढळीत दिसतंय, तरी वर ठळक अक्षरांत ‘मीठ’.

तिच्या फोनमधली जागा संपली तेव्हा त्याला कोण आनंद झाला!

“फोन आहे की अडगळीची खोली? सगळं कॉम्प्युटरवर घेतो आणि मग बॅकअप. एक नाही, तीन!”

“अहो, आईचा व्हिडिओ तेवढा राहू द्या फोनमध्ये.”

“एकदा अपवाद केला की शिस्त संपली.”

आईला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि ही एकुलती एक. व्हिडिओत तरी काय, तर आई शिवणयंत्रावर उशीचा अभ्रा शिवतेय आणि हात उगारून ओरडतेय, “अगं, बंद कर तो फोन! मी काय पळून चाललेय?” फोटो ढीगभर होते, पण आईचा आवाज तेवढ्यातच होता.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोल्डरांची चित्रं ओळीनं मांडलेली होती. साहेबांनी ती उचलली आणि पेनड्राइव्हवर टाकली. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम फत्ते.

“बघितलंस? वस्तू चांगली घेतली की असा फरक पडतो.”

एक पेनड्राइव्ह कपाटात गेला, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक धाकट्या दिरांकडे. तिन्हींवर लेबलं. “एकदा उघडून बघू या का?” तिनं विचारलं.

“माझ्यावर विश्वास नाही?”

या प्रश्नापुढे संसारात कुणाचं काही चालत नाही. त्यानं तिचा फोन रिकामा केला. मग कॉम्प्युटर पार पुसून भंगारवाल्याला दिला, का, तर चोराचिलटाच्या हाती काही लागू नये.

वर्ष सरलं. एका दुपारी ती आईच्याच यंत्रावर पडदा शिवत होती आणि दोरा सारखा तुटत होता. आई असती तर आधी शिव्या घातल्या असत्या, मग दोरा ओवून दिला असता. तिला एकदम भरून आलं.

“अहो, आईचा व्हिडिओ लावा ना.”

तो पेनड्राइव्ह घेऊन आला तो असा, जणू बक्षीस वाटायला निघालाय. नव्या लॅपटॉपला लावला. फोल्डरांची चित्रं उमटली. दाबलं, तर मूळ फाइल सापडत नाही म्हणे! त्यानं दिरांकडे स्कूटर पिटाळली. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधलाही आणला. तिन्हींची एकच गत. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात इवलासा वाकडा बाण.

“या नुसत्या पाट्या आहेत,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “माल त्या कॉम्प्युटरवर होता.”

धन्य! भांडारप्रमुखानं चिठ्ठ्या तीन तीन ठिकाणी जपल्या आणि माल आपल्या हातानं भंगारात घातला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल बायकोचा होता, एवढाच फरक.

“तिचा एवढाच आवाज होता हो माझ्याकडे!” ती हमसून हमसून रडायला लागली. तो पाण्याचा पेला घेऊन नुसता उभा. आणि रडता रडताच तिला आठवलं.

“थांबा! काढला त्या दिवशीच मी तो तुम्हाला पाठवला होता की! काढा फोन!”

त्यानं घाईघाईनं फोन काढला. बायकोचे निरोप वर वर सरकवत गेला. भाजी आणा, गॅस संपला, कधी येताय... आणि सापडला! धूसर चित्रात शिवणयंत्र, आईचा उगारलेला हात. खाली त्याचं उत्तरही होतं, एक अंगठा.

“म्हणजे बघितला होता तुम्ही!” तिचा चेहरा उजळला.

तो नुसता अंगठा देऊन मोकळा झाला होता, उघडला कधीच नव्हता. आता दाबला. गोल फिरत राहिलं, मग थांबलं. खाली एक ओळ आली.

“काय लिहिलंय? वाचा ना!”

“हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही,” तो वाचू लागला. “पाठवणाऱ्या व्यक्तीला पुन्हा पाठवायला सांगा.”

तिनं डोळे पुसले. त्यानंच रिकामा केलेला आपला फोन त्याच्यापुढे धरला.

“सांगा मग,” ती म्हणाली.